दाण्याचा नकाशा त्यांच्याकडे, पडीक कुणगा आमच्याकडे

गेल्या महिन्यात मंडळाची बैठक आटोपून आम्ही पाच-सहा जण केरीच्या फेरीधक्क्यावर उभे होतो. (केरी म्हणजे पेडणे तालुक्यातली. सत्तरीतली वेगळी, फोंड्यातली वेगळी. बाहेरगावी स्थायिक झालेल्या वाचकांची पत्रे अजूनही त्या दोन ठिकाणी फिरून आमच्याकडे येतात, म्हणून पुन्हा एकदा सांगून टाकतो.) समोर तेरेखोलचा किल्ला, पलीकडून निघालेली फेरीबोट आणि प्रत्येकाच्या हातात भाजलेले मक्याचे कणीस. सोबत आमचा भाचा होता. तो कृषी विद्यापीठात शिकतो. म्हणाला, "मामा, तुमच्या कणसावर दाण्यांच्या ओळी किती आहेत, मोजा बघू." मोजल्या. चौदा निघाल्या. "पंधरा निघणार नाहीत. बारा, चौदा, सोळा अशी सम संख्याच असते. आणि ती किती असावी हे गुणसूत्रांवर कुठे लिहिलेले असते, त्याचा नकाशा लोकांनी काढलेला आहे."

आमच्यातले एक वडीलधारे, गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे, हसून म्हणाले, "अरे, अमेरिकेत काढला असेल. आम्हांला त्याचे काय? इथे मक्याचे शेत आहे कुणाचे?" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी पोचेपर्यंत मात्र ते हसू आम्हांला बोचू लागले होते. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे, आणि त्यात आमचे स्वतःचे हसणेही आले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. जीवशास्त्राशी संबंध दहावीला सुटला. तरीही भाच्याने फेरीबोट येऊन परत जाईपर्यंत जे समजावले ते आम्हांला नीट कळले, कारण ते आमच्याच कामासारखे आहे. संध्याकाळी ताळा जमत नाही तेव्हा आम्ही काय करतो? पान पान घेऊन, खुणा करत, फरक कोणत्या पानावर आहे ते शोधतो. शास्त्रज्ञ तेच करतात. मक्याचे दोन वाण घ्यायचे, एक भरगच्च कणसाचा, एक लहान कणसाचा. त्यांचा संकर करायचा. पुढच्या पिढ्यांच्या शेकडो ओळी शेतात लावायच्या. प्रत्येक ओळीतल्या रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन दहाही गुणसूत्रांवरच्या ठरावीक खुणा तपासायच्या: ही खूण आईच्या वाणाची की बापाच्या? मग कणसाची लांबी, ओळी, एका ओळीतले दाणे, शंभर दाण्यांचे वजन असे सारे मोजायचे. अमुक एक खूण भरगच्च वाणाकडून आलेल्या रोपांत दाणे सरासरीने जास्त भरले, तर त्या खुणेच्या शेजारी उत्पन्नाशी संबंध असलेले काहीतरी बसलेले आहे हे नक्की. पान सापडले. नोंद अजून सापडायची असते, कारण त्या एका पानावर शेकडो जनुके असू शकतात.

मक्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत मक्याच्या फुलोऱ्याविषयी एक प्रचंड काम छापून आले. सुमारे पाच हजार ओळी आणि जवळजवळ दहा लाख झाडे मोजून त्या मंडळींनी पाहिले की मका लवकर फुलतो की उशिरा हे कशावर ठरते. निघाले काय? एकही मोठा खातेदार नाही, सगळे अल्पबचतवाले! डझनावारी जागा आणि प्रत्येक जागेचा परिणाम एखाद्या दिवसाचा. उत्पन्न तर फुलोऱ्याहून गुंतागुंतीचे. शिवाय एका ठिकाणच्या शेतात काढलेला उत्पन्नाचा नकाशा दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही. माती बदलली, पाऊस बदलला की जी जागा तिकडे दोन दाणे वाढवते ती इकडे गप्प बसते.

हे शेवटचे वाक्य भाचा सहज बोलून गेला. आम्ही मात्र तिथेच अडकलो. नकाशाला शेत लागते, आणि ते त्या त्या ठिकाणचे लागते. मग केरीत, पालयेत, किरणपाणीत आमच्याकडे काय आहे?

उत्तर देण्याआधी मक्याची गोष्ट पुरी करू, कारण जे मक्याचे झाले ते पाहून शहाणे व्हायला आम्हांला शंभर वर्षे मिळाली होती. १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज शल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की मक्याच्या दोन शुद्ध ओळींचा संकर केला की पहिली पिढी आईबापांहून जोमदार होते. पण तो जोम पहिल्या पिढीपुरताच. घरचे बी राखून पुन्हा पेरले की पीक उतरते. म्हणजे दर वर्षी दुकानात जाणे आले. १९४० च्या दशकापर्यंत तिकडच्या मक्याच्या मुख्य पट्ट्यात जवळपास सगळीकडे विकतचे संकरित बी आले. उत्पन्न वाढले, हे कोण नाकारतो? आपल्याकडेही १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ साली पहिले संकरित वाण आले. त्यांतल्या एकाचे नाव 'डेक्कन' होते.

मग १९७० साल उजाडले. अमेरिकेतल्या बहुतेक मक्यात बियाणे कंपन्यांनी सोयीसाठी एकच मातृकूळ वापरले होते. पानांवर करपा आला, आणि त्या कुळाला तो नेमका झोंबला. एका हंगामात देशाच्या मक्याचा सुमारे १५ टक्के भाग गेला. सगळी ठेव एकाच खात्यात ठेवू नये हे आम्ही ग्राहकांना रोज सांगतो. एवढ्या शहाण्या देशाला ते सांगायला तेव्हा कुणी नव्हते. त्यातून बाहेर पडायला पुन्हा जुन्या, वेगवेगळ्या कुळांच्या बियाण्याकडेच जावे लागले.

आता आमचे उत्तर. आमच्याकडे मका नाही, भात आहे. साधे भातही नाही. खाजनातले भात आहे. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगतात. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचा हिशेब ठेवायचा, मिरगाच्या पावसाने मातीतला खार धुऊन जाऊ द्यायचा आणि मग मोड आलेले बी फेकायचे. या शेतात जया टिकत नाही, ज्योती टिकत नाही. पावसाने ओढ दिली, बांधाला भगदाड पडले, खार वर आला की ते वाण माना टाकतात. टिकते ते कोरगुट. उंच वाढणारे, पिकल्यावर आडवे पडणारे, दाण्याला जाड, उत्पन्नाला बेताचे, पण खारात उभे राहणारे. आसगो, खोचरी, दामगो, मुणो ही त्याची भावंडे. यांतली किती नावे आजच्या वाचकाला माहीत आहेत? आमच्या मराठीच्या अभिमानाच्या सभांत शब्दकोशावर भाषणे होतात. भाताची पाच नावे मात्र त्या व्यासपीठावरच्या एकालाही सांगता येत नाहीत. आम्हांलाही तीन येत होती. उरलेली भाच्याने सांगितली.

मक्यात जे ओळींचे आणि दाण्यांचे केले तेच जगाने भातात खाराचे केले. केरळच्या किनाऱ्यावर, एर्नाकुलम आणि आलप्पुळाकडे, 'पोक्काळी' नावाचे भात खाऱ्या पाण्यात होते. आमच्या कोरगुटाचा मावसभाऊच म्हणा. त्याचा संकर करून फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत नकाशा काढला गेला, आणि भाताच्या बारा गुणसूत्रांपैकी पहिल्यावर खार सोसण्याची एक जागा सापडली. तिला 'सॉल्टॉल' म्हणतात. बंगालकडच्या 'नोना बोक्रा' या भातातून २००५ साली त्याच भागातले नेमके जनुक हाती लागले. मुळांकडून पानांकडे चढणाऱ्या रसातला सोडियम वाटेतच काढून घ्यायचा, पानांपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे त्याचे काम. म्हणजे आमची मानसच की! ओरिसातल्या एका भातातून पाण्याखाली दोन आठवडे तग धरणारे जनुक सापडले. ते घातलेले 'स्वर्णा-सब१' २००९ पासून भारतातल्या शेतांत आहे आणि पुराच्या प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्याला त्याचा खरोखर आधार झाला आहे.

आता पुढचा हिशेब मांडा. 'सॉल्टॉल' आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. शेकडो शोधनिबंधांत पोक्काळीचे नाव आहे. आणि केरळातली पोक्काळीची शेते? ती आटत चालली आहेत. कुठे कोळंबी, कुठे भराव, कुठे नुसतीच पडीक. २००८ साली त्या भाताला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा कागद चौकटीत लागला, पण त्याने शेत नांगरले नाही. कीर्ती जमेला, जमीन नावे!

आमच्याकडे वेगळे काय चालले आहे? जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने गोव्याच्या खाजनांतून कोरगुट गोळा केले, त्यातल्या सरस ओळी निवडल्या आणि 'गोवा धान १' व 'गोवा धान २' हे खार सोसणारे वाण दिले. पुढे ३ आणि ४ ही आले. या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. आमच्या माजघरातून जे गेले ते त्यांनी शीतपेटीत राखले. पण आदर दाखवून आमची जबाबदारी संपत नाही.

इथे आम्हांला दोन प्रकारची माणसे भेटतात. दोघांशीही भांडण आहे.

पहिला प्रकार म्हणतो, जनुकांचे हे सगळे काम म्हणजे परकीयांचा डाव, बियाण्याला हात लावू देऊ नका. त्यांना आम्ही विचारतो, तुम्ही स्वतः शेवटचे बी कधी पेरले? नकाशा काढणे आणि परका जीन घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशा हाती असला की साध्या संकरातूनही हवा तो गुण लवकर निवडता येतो, कारण रोप लहान असतानाच पानावरून कळते की गुण आला की नाही. चार हंगाम वाट पाहावी लागत नाही. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला 'कमला' हा सांबा मसुरीवरून केलेला. लोंबीतल्या दाण्यांची संख्या आवरून धरणारे जे जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली नकाशावरूनच शोधले होते, त्याची धार त्यात बोथट केली आहे. दुसरा 'पुसा डीएसटी राईस १', दुष्काळ आणि खार सोसावा म्हणून केलेला. या वाणांच्या दाव्यांवर देशात वाद आहेत, त्या संपादनाच्या तंत्रावर परदेशी पेटंटे आहेत, आणि त्यांवर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात स्वतःचे बी असावे लागते. रिकाम्या हाताने केलेला विरोध कुणी मोजत नाही.

दुसरा प्रकार अधिक धोकादायक, कारण तो आमच्यासारखा दिसतो, आमच्यासारखा बोलतो, आमच्याच पंगतीला बसतो. तो म्हणतो, संस्थेकडे बी आहे ना, बँकेत ठेवल्यासारखे सुरक्षित आहे ना, मग आपण कशाला चिखलात पाय घाला? अहो, बँकेत आम्ही बसतो! ठेव कुणाच्या नावावर आहे हे आधी विचारतो. नाव नाही, सही नाही, वारस नाही, तर त्या ठेवीचे काय होते ते आम्हांला ठाऊक आहे. ती बेवारस खात्यात जाते. शिवाय शीतपेटीतले बी होते तसे गोठून राहते. शेतातले बी दर वर्षी खाराशी, किडीशी, उशिरा आलेल्या पावसाशी झगडते आणि बदलते. मक्याच्या करप्याच्या वेळी कामी आली ती अशीच वेगवेगळ्या जागी वाढलेली कुळे.

आता घरातले बोलतो, म्हणजे कुणी असे म्हणू नये की कारकून दुसऱ्याच्याच खात्यावर लाल शाई ओढतो.

आमच्या घरचे नदीकाठी चार कुणगे. आजी असेपर्यंत दर वर्षी कोरगुटाची मुडी बांधून माळ्यावर जायची. मुडी म्हणजे काय, हे लहानांना सांगावे लागेल: गवताच्या पेंढीत बी भरून, दोरखंडाने आवळून, वर शेणाने लिंपलेला गोल गठ्ठा. त्याला हात लावायची परवानगी आजीखेरीज कुणाला नव्हती. घरात तांदूळ संपला तरी उसने आणायची, मुडी सोडायची नाही. ती गेल्यावर दोन वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, बांध फुटला आणि खारे पाणी आत आले. दुरुस्तीला गावातले एकत्र जमेनात. ज्यांची शेते वर होती ते म्हणाले आमचे काही बुडाले नाही, आणि पाणी आत राहिले तर मासळीचा लिलाव होतो हेही काहींना ठाऊक होते. दोन हंगाम शेत पडले. किनाऱ्याच्या दमट हवेत भाताचे बी वर्ष-दीड वर्षापलीकडे धड रुजत नाही. मग एक दिवस मुडी सोडली, भात उकडले, कांडून आणले आणि पेज करून खाल्ली. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतो. पेज गोड लागली होती, हे लिहिताना आज शरम वाटते. किती पिढ्यांनी राखलेले ते बी एका पावसाळ्यात आमच्या पोटात गेले. त्याची नोंद कुठल्याही कचेरीत झाली नाही.

चार कुणगे आजही पडीक आहेत. त्यांत आता खारफुटी आणि लव्हाळा आहे.

आणि आमचे एकट्याचेच नाहीत. आपल्या जुन्या घराण्यांपैकी कितीजणांची खाजने, मोरडे, वायंगणाची शेते पडून आहेत ते प्रत्येकाने मनात मोजावे. मुले पुण्या-मुंबईला, मस्कत-दुबईला. इथे उरलेल्यांना मजूर मिळत नाही, हे खरे. पण खरे कारण चारचौघांत कुणी बोलत नाही. ते म्हणजे कुळाची भीती. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक केले. तो न्याय होता असे आमचे मत आहे, जरी आमच्या आजोबांचे तसे नव्हते. पण त्या भीतीपोटी आज पन्नास वर्षांनंतरही आम्ही शेत कुणाला एका हंगामासाठी देत नाही. स्वतः कसायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही. २०२३ च्या जानेवारीपासून मोपावर विमाने उतरू लागली तेव्हापासून मात्र त्याच पडीक कुणग्याचा सर्वे नंबर घेऊन दलाल दारात उभा राहिला की त्याला चहा मिळतो. त्याच २०२३ साली भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन घालणारा कायदा गोवा विधानसभेने केला. लगेच पुढच्या वर्षी नगरनियोजन कायद्यात ३९-अ कलम आले, ज्याच्या वाटेने जमिनीचा विभागच बदलून घेता येतो. पुढच्या दाराला कुलूप, मागचे दार सताड! भात म्हणून विकायला बंदी आहे, तर आधी त्याला भात म्हणणेच बंद करा, असा हा व्यवहार.

आमच्या टेबलावर पीककर्जाचे अर्ज येतात. अर्जात पीक विचारलेले असते, क्षेत्र विचारलेले असते, वाण विचारलेले नसते. एकराला किती कर्ज द्यायचे हे पिकावर ठरते. कोरगुट लावणारा आणि विकतचे बी लावणारा यांत फरक नाही. जो जास्त धोका पत्करून गावचे बी जिवंत ठेवतो त्याला त्याबद्दल एक पैसा जास्त मिळत नाही. आमच्या हातून गेलेल्या अर्जांत कोरगुट हा शब्द आम्ही अजून पाहिलेला नाही.

तर मग मागायचे काय? आम्ही कायद्याची दोन पुस्तके मागवून वाचली. कारकुनाला तेवढी सवय असते. पहिला, पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा २००१ चा कायदा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, छापील ब्रँडशिवाय विकायचाही हक्क आहे. हा हक्क कागदावरच राहतो की काय अशी वेळ २०१९ साली गुजरातेत आली होती. पेप्सिकोने बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणावरून शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीपेक्षा जास्त नुकसानभरपाईचे दावे लावले. ओरड झाल्यावर दावे मागे घेतले. २०२१ साली त्या वाणाची नोंदणी रद्द झाली आणि २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द करणेच रद्द केले. म्हणजे न्यायालयात पान उलटायला वेळ लागत नाही. त्याच कायद्याचे कलम ४१ सांगते की एखादा वाण घडण्यात गावाचा वाटा असेल, तर गावाच्या वतीने दावा मांडता येतो.

दुसरा, २००२ चा जैवविविधता कायदा. गंमत अशी की त्याचेही कलम ४१ च आपल्या कामाचे. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिने लोकांना विचारून गावची जैवविविधता नोंदवही करायची. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली होती, चुकल्यास महिन्याला दहा लाखांच्या दंडाची तंबी होती. मग देशभर नोंदवह्या कशा धावपळीत पुऱ्या झाल्या असतील हे वर्षअखेर लेखापरीक्षण पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. आपापल्या गावच्या वहीत भाताच्या पानावर काय लिहिले आहे, कोणत्या वाड्यावर, कोणत्या कुणग्यात, कुणाकडून आलेले बी, हे आपल्यापैकी कितीजणांनी उघडून पाहिले? वहीत 'भात' एवढाच शब्द असेल आणि उद्या कुणी कोरगुटातून जनुक काढून वाण नोंदवला, तर कलम ४१ खाली आम्ही दावा मांडणार तो कशाच्या आधारावर? आजीच्या आठवणीवर?

आमच्या शेजारच्या हरमलने हे करून दाखवले आहे. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने शेत नांगरत नाही हे वर आम्हीच म्हटले, आणि ते मागे घेत नाही. पण तिथे मिरची आधी शेतात होती, मग कागदावर आली. क्रम बरोबर होता.

म्हणून आम्ही भाच्याला गाठले. त्याच्या ओळखीने संस्थेत अर्ज केला. आपल्याच खाजनातले बी परत मिळवण्यासाठी अर्ज लिहिताना पेन दोनदा थांबले. 'विषय' या शब्दापुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी 'कोरगुट बियाणे मिळण्याबाबत' असे लिहिले. जितके मिळेल तितके येत्या मिरगाला एका कुणग्यात टाकायचे ठरले आहे. एकच, कारण उरलेल्या तिघांचा बांध आमच्या एकट्याच्या खर्चाने उभा राहणार नाही. बांधाच्या त्या भागात आपल्या मंडळातल्या आणखी सात घरांच्या जमिनी आहेत. नावे इथे छापत नाही, ज्याची त्याला कळतात.

पुढच्या ग्रामसभेत द्यायचे निवेदन तयार आहे. त्यात मागण्या तीन. जैवविविधता नोंदवहीतले भाताचे पान गावच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारून, वाणाच्या नावासकट पुन्हा लिहावे. फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कृषी खात्याकडे पंचायतीच्या ठरावाने जावा. आणि पडीक शेत एका हंगामासाठी कसायला दिले तर मालकी व कूळहक्क दोन्हींना धक्का लागणार नाही असा लेखी करार करण्याची सोय सरकारने निःसंदिग्ध शब्दांत करावी. पहिली मागणी वाचून फेरीधक्क्यावर हसलेल्या त्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला बोलावून घेतले. त्यांना भाताची अकरा नावे येतात. आम्ही ती लिहून घेतली, त्यातल्या दोन नावांवर त्यांचे आणि त्यांच्या बहिणीचे एकमत झाले नाही.

निवेदन मंडळाच्या कार्यालयात ठेवले आहे. सही करणाऱ्याने नावापुढे सर्वे नंबर आणि शेत कसते आहे की पडीक, हेही लिहायचे आहे. पहिली सही आमची. पुढच्या रकान्यात 'पडीक' असे लिहिले आहे.